कट्ट्यावरचे शब्द आणि त्यांचे चालू अर्थ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेज, हॉस्टेल, अभ्यासिका आणि भरतीच्या ग्राउंडवर जे शब्द चालतात त्यांची एक यादी आम्ही काही जण मिळून करतोय. शब्द लोकच पाठवतात, अर्थही लोकच लिहितात आणि सोबत प्रश्नही येतात, पण बरेचसे तेच तेच असतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली. नंबर दिलेत कारण एका उत्तरात दुसऱ्याचं काम पडतं.

१. ही बोलीभाषा आहे की स्लँग? फरक काय दोघांत?

बोलीला मुलूख असतो, तिचं स्वतःचं व्याकरण असतं आणि ती घरात बोलली जाते. वऱ्हाडातला पोरगा "काऊन" म्हणतो तेव्हा तो काही स्टाईल मारत नसतो, "का" साठी त्याच्या घरात तोच शब्द आहे, त्याची आजीपण तोच म्हणते. अहिराणी, मालवणी यांचंही तेच, त्यांना स्लँग म्हणणं चुकीचं आहे आणि अपमानाचंही. स्लँग गटाचं असतं, म्हणजे इंजिनिअरिंगवाल्यांचं, एमपीएससीवाल्यांचं, कट्ट्यावरच्या पाच-सहा जणांचं, आणि तोच पोरगा घरी फोनवर बोलताना ते शब्द आपोआप बाजूला ठेवतो. काही शब्द मात्र गावातून निघून गटात शिरतात, त्यांच्याबद्दल प्रश्न १० बघा.

२. केटी, एटीकेटी, बॅक, वायडी हे सगळं एकच ना?

नाही, आणि यात गोंधळ झाला तर घरच्यांना उगाच धक्का बसतो. एटीकेटी म्हणजे 'अलाउड टू कीप टर्म्स', काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसायची परवानगी. नियमात ही सवलत आहे पण पोरांच्या तोंडी अर्थ पूर्ण फिरला, राहिलेला विषय म्हणजेच केटी. "मला दोन केट्या आहेत" असं अनेकवचनसुद्धा झालं, केटी लागते, केटी सुटते. मुंबईकडे केटी जास्त ऐकू येतं, पुण्याकडे इंजिनिअरिंगला "बॅक" किंवा "बॅकलॉग".

वायडी म्हणजे इयर डाऊन, मर्यादेपेक्षा जास्त विषय राहिले म्हणून वर्षच थांबलं. केटीत तुम्ही मित्रांसोबत पुढे जाता, वायडीत ते पुढे जातात आणि तुम्ही मागे राहता, एवढा मोठा फरक आहे. आणि "एम थ्री" असं नुसतं कुणी म्हणालं तर इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर, तो सुटला की पोरं पार्टी देतात त्यामुळे त्याला यादीत वेगळी जागा दिलीय.

३. सबमिशन, जर्नल, ऑफ, आयएमपी हे तर साधे इंग्रजी शब्द, यादीत कशाला?

कारण इथे त्यांचा अर्थ बदललेला आहे. सबमिशन म्हणजे इथे नुसतं काहीतरी जमा करणं नाही, तो सेमिस्टरच्या शेवटचा एक काळ आहे, "आमचं सबमिशन चालू आहे" म्हटलं की झोप नाही, जेवणाची वेळ नाही आणि सह्यांसाठी सरांच्या केबिनबाहेर रांग हे सगळं त्यात आलं. जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची वही, संशोधनाचं मासिक नव्हे, आणि हे ज्याला माहीत नसतं तो पीएचडी करणाऱ्या ताईशी बोलताना हमखास गोंधळतो. लेक्चर "ऑफ" म्हणजे झालं नाही. पोर्शन म्हणजे अभ्यासक्रम. आयएमपी म्हणजे परीक्षेला येतील असे प्रश्न, आणि ते अभ्यास करून काढायचे नसतात, ते सिनियरकडून "मिळतात". प्रॉक्सी म्हणजे दुसऱ्याच्या नावाने लावलेली हजेरी. डिफॉल्टर म्हणजे जिथे ७५ टक्के हजेरी लागते तिथे ती न भरलेला, आणि त्याची लिस्ट "लागते".

"जीटी मारणे" बद्दल नव्या पोरांकडून खूप विचारणा होते. ग्लास ट्रेसिंग. काच आडवी ठेवायची, खाली बल्ब लावायचा, मित्राची ड्रॉइंग शीट काचेवर आणि तिच्यावर आपली कोरी शीट, मग रेषेवर रेष गिरवायची. आता ड्रॉइंग कॉम्प्युटरवर गेलं तशी ही पद्धत कमी झाली पण शब्द टिकून आहे.

४. 'शाळा करणे' म्हणजे फसवणं कसं काय? शाळा तर शाळा असते.

हा आमचा सगळ्यात आवडता प्रश्न आहे कारण अख्ख्या यादीची किल्ली इथे आहे: नाम शाळेतलं असतं पण अर्थ क्रियापद ठरवतं.

शाळा करणे म्हणजे गोड बोलून डाव साधणे. "त्याने शाळा केली, मला म्हणाला लेक्चर ऑफ आहे आणि स्वतः जाऊन बसला." शाळा घेणे म्हणजे झापणे किंवा चारचौघांत एखाद्याची टर उडवणे. आता क्लास घ्या. क्लास लावणे म्हणजे पैसे भरून बाहेर शिकणे, आणि "सरांनी आज माझा क्लास घेतला" म्हणजे बोलणी खाल्ली. लेक्चरला बसतात ते शिकायला, पण "लेक्चर देऊ नको" म्हणजे उपदेश बंद कर.

पेपरचं तर विचारूच नका. पेपर देणे म्हणजे परीक्षेला बसणे. पेपर टाकणे म्हणजे आयटीत राजीनामा देणे, हिंजवडीत कुणी म्हणालं "मी पेपर टाकले" तर तो वर्तमानपत्र वाटत नाहीये. "पेपर चांगला गेला" यात काळजीचं काही नाही पण नुसतं "पेपर गेला" म्हणजे वाट लागली, आणि "मॅथ्स गेला" म्हणजे त्या विषयात नापास. एकच क्रियापद, मध्ये "चांगला" आहे की नाही यावर सगळं फिरतं.

याच घराण्यातलं "ऑप्शनला टाकणे". प्रश्नपत्रिकेत सातपैकी पाच सोडवा असं असतं, मग एखादा अवघड चॅप्टर वाचायचाच नाही, तो ऑप्शनला. आता हे माणसांनाही लागू झालंय, "ग्रुपमध्ये सगळ्यांना बोलावलं, मला ऑप्शनला टाकलं", आणि हे वाक्य ज्याने परीक्षा दिलीय त्याला लगेच लागतं, कारण ऑप्शनला टाकलेलं पुन्हा उघडून बघितलं जात नाही हे त्याला माहीत असतं. म्हणूनच आम्ही सुटा शब्द घेत नाही, पूर्ण वाक्य मागतो.

५. 'विषय हार्ड' ही तक्रार आहे की कौतुक?

कौतुक. परीक्षेच्या हॉलबाहेर कुणी "विषय हार्ड आहे रे" म्हणत असेल तर मात्र खरंच अवघड आहे, तिथे शब्दशः घ्या. बाकी सगळीकडे "विषय हार्ड" म्हणजे जबरदस्त, तोड नाही. मित्राने नवीन बुलेट घेतली, विषय हार्ड. कबड्डीत एकट्याने तिघांना बाद करून आला, विषय हार्ड.

विषय या शब्दाचा पसारा मोठा आहे. "काय विषय?" म्हणजे काय चाललंय, भांडण वगैरे आहे का. "विषय कट" किंवा "विषय क्लोज" म्हणजे आता यावर बोलायचं नाही. "हा काय विषय आहे का?" म्हणजे अगदी सोपं काम आहे, झालं समजा. मुळात ही वाक्यं सरळ मराठीच आहेत, विषय म्हणजे चर्चेचा मुद्दा हा अर्थ जुनाच, फक्त हार्ड जोडल्यावर त्याची दाद झाली. ती लांबवू नये असं माझं मत आहे, दोन शब्दांत जी ताकद आहे ती "खूपच विषय हार्ड आहे" मध्ये राहत नाही.

६. 'पेपर फोडला' असं स्टेटस टाकलं तर चालेल का?

नको. खरंच नको. "फोडलंस भावा", "तोडलंस मित्रा" ही दाद आहे आणि त्याच चालीवर पोरं पेपर भारी गेला म्हणून "आज पेपर फोडला" लिहितात, पण मराठीत पेपर फुटणे याचा पक्का अर्थ प्रश्नपत्रिका आधीच बाहेर येणे हा आहे आणि पेपर फोडणे हा गुन्हा आहे, महाराष्ट्रात परीक्षेतल्या गैरप्रकारांवर १९८२ पासून कायदा आहे आणि २०२४ मध्ये केंद्राचाही आला. पेपरफुटीमुळे ज्यांची भरती लांबली किंवा रद्द झाली ती मुलं हे स्टेटस वाचतात तेव्हा त्यांना काय वाटत असेल याचा विचार करा. मित्रांत तोंडी बोलताना सूर कळतो, लेखी कळत नाही. "पेपर भारी गेला" लिहा.

७. दादा अभ्यासिकेत आहे, तो म्हणतो 'आयोगाची जाहिरात आली, यंदा पोस्ट काढायचीच'. म्हणजे नक्की काय?

म्हणजे एमपीएससीने भरती जाहीर केली आणि त्याला या वर्षी निवड व्हायची आहे. आयोग कितीतरी आहेत, निवडणूक आयोग आहे, वेतन आयोग आहे, पण पुण्यात सदाशिव पेठेत नुसतं आयोग म्हटलं की महाराष्ट्र लोकसेवा आयोग, दुसरं काही नाही. उलट सरकारी नोकरीत असलेल्या काकांना विचारा, त्यांच्यासाठी आयोग म्हणजे पगारवाढ, "सातवा आयोग लागला" असं ते म्हणतात. एकाच घरात, एकाच जेवणाच्या ताटावर हा शब्द दोन अर्थांनी फिरतो.

जाहिरात म्हणजे भरतीची अधिसूचना. साबणाची जाहिरात रोज येते, ही येत नाही, म्हणून "जाहिरात कधी?" या प्रश्नात किती वाट बघणं भरलंय ते बाहेरच्याला कळणार नाही. जागा "निघतात". पोस्ट म्हणजे पद, ती "निघते" किंवा "काढतात", आणि "त्याची पोस्ट निघाली" म्हणजे तो सिलेक्ट झाला, मोबाईलवरच्या पोस्टशी काही संबंध नाही. कम्बाईन म्हणजे गट ब आणि गट क ची संयुक्त परीक्षा. "डिस्क्रिप्टिव्ह" हा शब्द २०२३ नंतर सगळ्यांच्या तोंडी बसला, राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरलं, पुण्यात मुलं रस्त्यावर बसली आणि अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे ढकलली गेली. तेव्हापासून अभ्यासिकेत डिस्क्रिप्टिव्हच्या आधी आणि डिस्क्रिप्टिव्हच्या नंतर असा काळ मोजतात.

"प्लॅन बी" हा शब्दही सारखा येतो. इथे तो हळूच विचारायचा प्रश्न आहे, नातेवाइकांनी लग्नात सगळ्यांसमोर विचारायचा नाही.

८. पोलीस भरतीवाले 'सोळाशे' आणि 'पाच-दहा' म्हणतात ते कसले आकडे?

सोळाशे म्हणजे मुलांची १६०० मीटरची धाव, मुलींचं आठशे. पाच-दहा म्हणजे ५ मिनिटं १० सेकंद, त्याच्या आत आलं तर धावण्याचे २० पैकी २०. "गोळा" म्हणजे गोळाफेक. "ग्राउंड" म्हणजे सगळी मैदानी चाचणी मिळून, ५० मार्कांची, आणि "माझं ग्राउंड झालं, लेखी बाकी आहे" हे भरतीवाल्याच्या तब्येतीचं, अभ्यासाचं आणि मनःस्थितीचं एका ओळीत उत्तर असतं. पहाटे अंधारात हायवेच्या कडेने पळणाऱ्या पोरांचे हे शब्द कोणत्याही कोशात नाहीत आणि मला वाटतं कॉलेजच्या शब्दांआधी हे नोंदवायला हवेत, कारण ही मुलं चार ओळी टाईप करून पाठवतील एवढा वेळ त्यांच्याकडे नसतो. तुमच्या गावात ग्राउंड करणारा कुणी असेल तर त्याला विचारून तुम्ही पाठवा.

९. अर्थ कोण ठरवतं? ज्याला जास्त लाईक तो बरोबर का?

नाही. लोकांनीच शब्द आणि अर्थ लिहायचे, लोकांनीच मतं द्यायची ही पद्धत जगभर गाजली ती अर्बन डिक्शनरीमुळे, १९९९ मध्ये ॲरन पेकम या कॉलेजच्या विद्यार्थ्याने ती सुरू केली. तिथे एकाच शब्दाचे ढीगभर अर्थ असतात आणि वर येतो तो बहुतेक वेळा सगळ्यात जास्त हसवणारा. हसवणारा अर्थ वाईट नाही, पण परगावचं पोरगं तो वाचून खऱ्या आयुष्यात वापरायला गेलं तर तोंडावर पडेल.

म्हणून आम्ही मतांपेक्षा तीन गोष्टी बघतो: पूर्ण वाक्य, कुठे ऐकलं, आणि कोण कुणाला म्हणालं. वेगवेगळ्या ठिकाणच्या माणसांनी तोच अर्थ पाठवला की तो पक्का धरतो. ही काही आमची नवी अक्कल नाही. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात, ज्याचे सात भाग १९३२ ते १९३८ या काळात आले, शब्दापुढे तो गोव्याकडचा, वऱ्हाडातला की नागपूरकडचा हे खुणेने दिलेलं असतं. त्याच्याही आधी १८३१ चा मोल्सवर्थचा कोश आणि त्याची १८५७ ची वाढवलेली आवृत्ती, ती उघडून बघा, म्हणी आणि रोजच्या बोलण्यातले तुकडे ठासून भरलेत. कोशात फक्त सभ्य आणि पुस्तकी शब्दच असतात असं ज्यांना वाटतं त्यांनी हे दोन्ही चाळावेत.

१०. आमच्याकडे हाच शब्द वेगळा वापरतात, मग चूक कोण?

कुणीच नाही, दोन्ही पाठवा. कोल्हापूरचं "नाद खुळा" आणि "काटा किर्र" आता ठाण्यातही ऐकू येतं, पण ठाण्यातला पोरगा ते ठरवून म्हणतो आणि कोल्हापूरच्या पोराच्या तोंडून ते निघून जातं. मित्राला हाक मारायची तर कोल्हापूरला "भावा", नागपूरला "भाऊ", मुंबईत "भाई", आणि मुंबईच्या भाईला दहशतीचाही वास आहे जो नागपूरच्या भाऊला नाही. नागपूरकडे वाक्याच्या शेवटी येणारं "बे" दोस्तीचं असतं, पण तेच मोठ्या माणसाला म्हटलं तर तिथेही उद्धटपणाच. मुंबईचे "लोचा", "कल्टी मारणे", "सुमडीत" हे तर हिंदी-मराठी दोन्हीकडे राहतात, त्यांना एका भाषेत कोंबायचा हट्ट आम्ही धरत नाही.

११. 'ढ' हे अक्षर ब्राह्मीपासून बदललं नाही म्हणून कच्च्या मुलाला 'ढ' म्हणतात, हे खरं का?

ब्राह्मीतला ढ आणि आपला ढ दिसायला खरोखर जवळचे आहेत, तेवढा भाग खरा. पण आकार सारखा आहे हा शब्दाच्या जन्माचा पुरावा होत नाही. गोष्ट सुंदर असली की ती शब्दाला चिकटते आणि मग सगळे तीच सांगत सुटतात, त्यामुळे अशा गोष्टी आम्ही "लोक असं सांगतात" म्हणून वेगळ्या रकान्यात ठेवतो. बाकी ढ हा शब्द एखाद्या मुलावर चिकटवू नये असं मला मनापासून वाटतं, शाळेत मिळालेलं हे एक अक्षर माणूस पन्नाशीतही विसरत नाही.

१२. आई-बाबा 'फिशपाँड' म्हणतात ते काय असतं?

गॅदरिंगमधला कार्यक्रम. आधी काही दिवस कॉलेजात एक खोका ठेवायचे, त्यात कुणीही नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, चिठ्ठीत एखाद्या मुला-मुलीसाठी किंवा सरांसाठी दोन ओळी, बहुतेक वेळा यमक जुळवून किंवा गाण्याची ओळ फिरवून, आणि मग त्या स्टेजवरून वाचायच्या. मराठीत याला शेलापागोटे म्हणतात. काही कॉलेजांत अजून होतं.

आम्ही याला आपल्या यादीचं पूर्वज मानतो कारण गर्दीने मिळून केलेली व्याख्याच ती, फक्त शब्दाची नाही तर माणसाची. वर्गातल्या सगळ्यात शांत मुलावर इतकी नेमकी ओळ यायची की चार वर्षं सोबत असून आपल्याला हे कसं दिसलं नाही असं वाटायचं. आणि त्याच खोक्यात मुलींच्या रंगावर, कुणाच्या वजनावर लिहिलेलंही यायचं, ते वाचून एखादी मुलगी उठून जायची. निनावी लिहिण्याच्या या दोन्ही बाजू आमच्याकडे येणाऱ्या शब्दांतही दिसतात, त्यावर पुढचं उत्तर वाचा.

१३. माझा शब्द घेतला नाही, का?

बहुतेक वेळा यातलं एक कारण असतं. जातीचं किंवा समाजाचं नाव शिवीसारखं वापरलेलं असेल तर तो शब्द आम्ही घेत नाही, मग तो कितीही "आमच्याकडे कॉमन" असो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला जातीवरून चारचौघांत अपमानित करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी घेतला नसता. अपंगत्व, रंग, मुलीचं शरीर यावर उभे असलेले शब्दही नाही. एखाद्या खऱ्या सरांच्या टोपणनावाचा शब्द केला असेल तर तोही नाही, कारण त्या माणसाला उत्तर द्यायला जागा नसते.

साध्या शिव्या मात्र सरसकट टाळत नाही. कॉलेजच्या भाषेत त्या आहेतच, आणि कोण कुणाला कधी म्हणतो हे लिहिलं तर त्यांचा अर्थ प्रामाणिकपणे नोंदवता येतो.

१४. उत्तरपत्रिकेत असे शब्द लिहिले तर मार्क जातील का?

हो, जातील. कथालेखनात किंवा संवादात पात्राच्या तोंडी असतील तर शोभतात, निबंधात आणि पत्रात नको.

१५. शब्द जुना झाला की काढून टाकता का?

नाही, पुढे "जुना" असं लिहितो आणि शक्य असेल तर कोणत्या पिढीचा ते. "शायनिंग मारणे", "पोपट होणे" हे आज कॉलेजात कमी पण तिशी-चाळिशीच्या लोकांत धडधाकट आहेत. "च" ची भाषा सुद्धा पाठवतात लोकं, शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि पुढे च लावायचा, म्हणजे कमल चं चमलक, शाळेत मोठ्यांसमोर गुपितं बोलायला. तो शब्द नाही, ती युक्ती आहे, पण तीही नोंदवून ठेवलीय. एखादा शब्द निवडणुकीच्या फ्लेक्सवर आणि दुकानाच्या पाटीवर आला की पोरं तो सोडतात असं वारंवार दिसतं, "नाद खुळा" त्याला पुरून उरला.

१६. आमचा शब्द फक्त आमच्या हॉस्टेलपुरता आहे, दहा-बारा जणच वापरतात. पाठवू का?

पाठवा. दोन जण सोडून कुणाला कळत नसेल तर थांबू, पण मजलाभर पोरांना कळत असेल तर तो शब्द आहे. हॉस्टेलचं नाव नको, गाव किंवा जिल्हा पुरे. वाक्य जसं बोलता तसंच लिहा, शुद्धलेखन सुधारू नका, "लय" असेल तर "लय", "लई" असेल तर "लई". शब्द मेसमध्ये निघाला, रेक्टरवरून निघाला की कुणाच्या चुकीच्या उच्चारावरून, हे माहीत असेल तर एका ओळीत तेही लिहा, आणि तो शब्द कुणासमोर वापरत नाही हे जरूर लिहा, ही एकच गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि मग आम्हाला परत विचारावं लागतं.